आधी पाण्याची पाळी ठरवा

गावात दहा घरांनी मिळून भाजीची वाडी काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बियाणं कुठून आणायचं? माझं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. भंडारा जिल्ह्यात बी मिळतं, शेणखत मिळतं, धान चुरल्यावर तणसीचे ढीग पडलेले असतात. जागेचा एखादा तुकडाही मिळतो. शाळेच्या मागे, अंगणवाडीच्या बाजूला, समाजमंदिराच्या आवारात, बोडीच्या पाळीखाली. तरीही पहिल्या वर्षी हौसेने काढलेल्या कितीतरी वाड्या दुसऱ्या वर्षी तरोट्याने भरून जातात. किडीने बुडालेली वाडी मी क्वचित पाहिली आहे. वाड्या बुडतात त्या पाणी कोण घालणार, भाजी कोण नेणार आणि रोवणीच्या दिवसांत तिकडे कोण फिरकणार, हे आधी ठरलेलं नसतं म्हणून.

हे मी लिहिते आहे ते बचत गटातल्या बायांसाठी, अंगणवाडीताईंसाठी, शाळेच्या परसबागेची जबाबदारी अंगावर आलेल्या गुरुजींसाठी आणि गावात काहीतरी करू म्हणणाऱ्या पोरांसाठी. आमच्याकडे काही घरं मिळून गुंठाभर जागेत भाजी काढतात, त्यांत माझंही घर आहे. लाखनी, साकोली, पवनी भागातल्या आणखी काही वाड्या जाऊन पाहिल्या. त्यांतून जे कळलं ते सांगते.

आपल्याकडचं वर्ष धानाचं आहे. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी सुरू झाली की ती श्रावणापर्यंत चालते, पाऊस लांबला तर त्याही पुढे. त्या दिवसांत बाया सकाळी शिदोरी बांधून निघतात आणि दिवेलागणीला चिखलाचे पाय घेऊन परततात. दिवसभर कमरेत वाकून रोवणं लावलेल्या बाईला संध्याकाळी "आज निंदणाची पाळी तुझी" म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. वर्षाची रोख मजुरी तिला त्याच दिवसांत मिळते, ती सोडून तिने वाडीत यावं असं कुणीही म्हणू नये. पुढे दिवाळीच्या आगेमागे कापणी, बांधणी, चुरणं. म्हणजे वर्षातले दोन मोठे तुकडे असे की वाडीला हात मिळतच नाहीत. छापील वेळापत्रक मात्र जूनमध्ये लागवड करा म्हणतं, कारण तेव्हा पाऊस असतो. पाऊस असतो, पण माणूस नसतो.

म्हणून पावसाळ्यातली वाडी वेलांच्या आणि कंदांच्या भरवशावर सोडा. मृगाच्या आधी बांबूचा मांडव पक्का उभा करा आणि त्याच्या पायाशी दोडका, कारलं, लवकी, वाल लावा. कडेने धोपा आणि हळद. एका कोपऱ्यात अंबाडी, दुसऱ्यात बरबटी. जुन्या खताच्या ढिगावर डांगराच्या दोन बिया टोचल्या की ते आपली वाट आपण शोधतं. मधल्या मोकळ्या जागेवर वीतभर जाडीची तणस अंथरली तर निंदणाचं काम निम्म्यावर येतं. एकदा जोर धरला की आठवडाभर कुणी गेलं नाही तरी या पिकांचं फारसं बिघडत नाही. भेंडी तशी नाही. ती दोन दिवस तोडली नाही की जून होते, झाड फळ धरायचं थांबतं आणि मग बाया म्हणतात, वाडीत काही निघत नाही. भेंडी ज्याच्या दारात जागा आहे त्याने दारात लावावी.

वाडीचा खरा हंगाम कापणीनंतरचा. कार्तिक ते फाल्गुन. थंडी चांगली पडते, कीड कमी असते, हात मोकळे झालेले असतात आणि बोडीत अजून पाणी असतं. पालक, मेथी, सांबार, मुळा, चवळीची भाजी, वांगी, भेदरे, कोबी हे सगळं याच दिवसांत चांगलं येतं. अडचण एवढीच की वांग्यांची, भेदऱ्यांची रोपं कापणीच्या ऐन धांदलीत टाकावी लागतात, नाहीतर लावणीला उशीर होतो. ते काम दोन घरांवर सोपवा. फुटक्या टोपल्यांत माती आणि चाळलेलं खत भरून दारासमोर रोपं वाढवायला सांगा आणि त्या बदल्यात त्यांच्या पुढच्या दोन पाळ्या माफ करा. काम आणि त्याचं मोल एकदमच ठरलं म्हणजे मागून कुरकुर होत नाही. जिथे गोसेखुर्दचं किंवा बावनथडीचं पाणी पोहोचलं आहे आणि उन्हाळी धान होतो, तिथे माघातही रोवणी असते. तिथल्या बायांनी आपला मोकळा काळ स्वतः मोजून घ्यावा, माझा महिना त्यांना लागू पडणार नाही.

आता जागा किती घ्यावी, ते. कमी घ्या. पाच माणसांच्या घराचा हिशोब करून बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं सांगते. म्हणजे घरामागे २ किलो, दहा घरांमागे रोज २० किलो. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट जागा, एवढं कधीच देणार नाही आणि देईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून १० गुंठ्यांत एका कुटुंबाचा संसार कसा चालू शकतो याचं गणित मांडलं होतं, पण त्यामागे रोजची बारीक देखरेख आणि मातीवर केलेलं अनेक वर्षांचं काम होतं. सामूहिक वाडीने घराला आठवड्यातून दोनदा हिरवी पालेभाजी, पावसाळ्यात वेलाची भाजी, बारमाही कढीपत्ता, मुंगना, लिंबू आणि पपई दिली तर ती भरपूर यशस्वी झाली असं समजा.

एवढं थोडं असूनही ते लाखमोलाचं का, तेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. आपल्याकडे भात पोटभर असतो, भाजी मात्र ताटाच्या कडेला बोटभर, आणि तीही आधी पुरुषांना, मग लेकरांना, उरली तर आपल्याला. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं. म्हणून वाडीत पालकाच्या वाफ्याइतकंच लिंबाचं झाड महत्त्वाचं आहे. ते पहिल्याच वर्षी लावा, कारण फळाला काही वर्षं लागतात.

जागा कमी घ्या म्हणण्याचं दुसरं कारण पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. माघ-फाल्गुनाच्या उन्हात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. गुंठाभर जागेवर त्याचे झाले ५०० लिटर. १५ लिटरचा गुंड धरला तर रोजचे ३३ गुंड. वाफे अर्ध्याच जागेवर असले आणि तणस जाड असली तर हे काम निम्म्याखाली येतं, पण तरी पंधरा गुंड डोक्यावरून आणायचे आहेत, रोज. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा आणखी जास्त. वाडी हातपंपापासून शंभर पावलांवर आहे की पाचशे, यावर तिचं आयुष्य ठरतं. जागा निवडताना माती शेवटी बघा, माती दोन वर्षांत सुधारता येते. पाणी जवळ आणता येत नाही.

हातपंपाच्या ओट्यावरून दिवसभर जे पाणी वाहून जातं, त्याला चार हात लांबीची नाली काढून आळ्यात वळवलं तर केळी आणि धोपा बाकी काही न करता वाढतात. भांडी घासल्याचं साबणाचं पाणी मात्र पालेभाजीवर घालू नका, ते केळीपाशीच राहू द्या.

चैत्राला वाडी आटोपती घ्या. एखादा वाफा सावलीत जगवा, झाडं जगवा आणि बाकी जमीन तणसीखाली झाकून ठेवा. उन्हाळाभर वाडी हिरवी ठेवण्याच्या हट्टापायी बाया थकतात आणि मृगात कुणीच परत येत नाही.

पाण्याच्या पाळीबद्दल एवढं बोलते आहे, कारण या जिल्ह्याला ती नवी नाही. आपल्या गावोगावचे तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले, आणि ते नुसत्या बांधामुळे टिकले नाहीत. पाणी कुणाच्या बांधीला कधी, पाळीला भगदाड पडलं तर डागडुजीला कोण येणार, याची गावाची रीत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणं योग्यच झालं, त्यात माझं दुमत नाही. पण तलाव आपला आहे आणि पाळ आपण बांधायची आहे, ही भावनाही हळूहळू गेली. गाळ साचला, कडेने बेशरम वाढली, आणि गाव म्हणू लागलं की खात्याने बघावं.

ती रीत परत उभी करता येते, हे अर्जुनी मोरगावकडे दिसलं. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तोही भाग भंडारा जिल्ह्यातच होता. तिथल्या धीवर बांधवांच्या मच्छीमार संस्था आणि मनीष राजनकर यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून तलावातली बेशरम उपटून काढली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, गावच्या देशी माशांना जागा करून दिली. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, ते धीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांना विचारलं गेलं, आणि त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने काम झालं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. वाडीच्या बाबतीतही रोवणी, निंदण, बी राखणं हे ज्या बायांना येतं त्यांनीच नियम करावेत. बाहेरून आलेला माणूस कितीही भला असला तरी त्याच्या नियमाला बाया मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी जगभरचे सामायिक पाट, कुरणं, मासेमारीचे किनारे अभ्यासले. जे वापरतात तेच नियम करतात, देखरेखही तेच ठेवतात, चुकलेल्याला पहिल्यांदा थोडीच शिक्षा असते आणि भांडण मिटवायला जवळच जागा असते, अशा ठिकाणी सामायिक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असं त्यांना दिसलं. आमच्या वाडीतला नियम त्याच वळणाचा आहे. पाळी चुकली तर पहिल्यांदा नुसतं विचारायचं, घरी काही अडचण आहे का म्हणून. दुसऱ्यांदा चुकली तर पुढच्या आठवड्यात दोन पाळ्या. तिसऱ्यांदा त्या घरचा त्या आठवड्याचा वाटा अंगणवाडीला. कुणाला वाडीतून काढून टाकण्याचा नियम करू नका. गावात एकदा काढलेलं माणूस लग्नकार्यातही लांब बसतं.

आता वाट्याकडे येते, कारण खरी भांडणं तिथे होतात. भाजी पाळीच्या हिशोबाने वाटा, घराच्या हिशोबाने नको. ज्या घरातून दोन पाळ्या झाल्या त्याला दोन वाटे. वाटे घालणारीने आपला वाटा शेवटी उचलावा, म्हणजे वाटे आपोआप सारखे पडतात, तराजू लागत नाही. तोडणीचे वार ठरवा आणि त्या वाराखेरीज कुणीही वाडीत हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. बाळंतीण किंवा गरोदर बाई असलेल्या घराचा वाटा आधी काढा, मग अंगणवाडीचा, मग आपला. बाजारात काय न्यायचं ते सगळ्यांच्या घरी भाजी गेल्यावर बघा. आठवडी बाजारात दोन पैसे सुटतात ते दिसतात आणि मग हळूहळू चांगली भाजी बाजाराला आणि किडकी घराला असा उलटा क्रम सुरू होतो. ज्या वाडीतल्या बायांना पालक विकावासा वाटतो आणि खावासा वाटत नाही, तिथे वाडीचा मूळ हेतूच हुकला.

आणि हे सगळं वहीत लिहा. कुणाची पाळी, कुणाचा वाटा, बियाण्याला किती पैसे, पाइपाला किती. बचत गटाच्या बायांना हे शिकवावं लागत नाही, पै-पैचा हिशोब त्यांच्या हाडात आहे. तरुण मंडळांना शिकवावं लागतं.

जागेच्या कागदाबद्दल थोडक्यात. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची नक्कल गटाकडे ठेवा. विदर्भात गावाचं निस्तार पत्रक असतं. गायरान कोणतं, सरपणाची जागा कोणती, कुणाचा काय हक्क, ते त्यात नोंदलेलं आहे. तलाठ्याकडे जाऊन ते आधी बघा. गायरानात कुंपण घालू नका. गावाच्या सामायिक जमिनींवरचं अतिक्रमण हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात बजावलं आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत त्याचं चराऊ रान वाडीने खाऊ नये. नदीकाठची स्वस्तातली सखल जागाही टाळा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा घराघरांत शिरली होती, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

माती कशीही असो, तिला कोणता उपाय लागतो ते गावातला कुठलाही म्हातारा सांगेल. कन्हार असेल तर पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. तिथे वीतभर उंचीचे गादीवाफे करा. मोरांड भाजीला उत्तम. खरडीत पाणी ठरत नाही, तिला गाळ लागतो. चैत्र-वैशाखात बोडी आटली की तळाचा काळा गाळ काढून आणा आणि शेणखतात मिसळून पसरा. त्यासाठी ट्रॉली लागते, ट्रॉलीला पैसे लागतात, म्हणून गाळाचा दिवस वर्षातून एकदा, सगळ्या घरांनी वर्गणी काढून, सगळ्यांच्या हातांनी करा. पावसाळा सरला की वाफे उलटे करा, जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खोलगट, म्हणजे घातलेलं पाणी वाफ्यातच मुरतं. प्रशिक्षणात गोल आखणीची, वारांप्रमाणे भाग पाडलेली सुंदर परसबाग दाखवतात. घरच्या एकट्या वाडीला ती छान. दहा घरांच्या वाडीला मात्र सरळ लांब वाफे बरे, कारण ते मोजता येतात आणि पाळी वाटून देता येते.

जीवामृत करणार असाल तर एकरी प्रमाण डोळे झाकून घेऊ नका. सुभाष पाळेकरांचं प्रमाण एका एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो शेण असं आहे. एकरात ४० गुंठे. म्हणजे आपल्या गुंठ्याला ५ लिटर पाणी, पाव किलो शेण, तेवढंच गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन आणि बांधावरची चिमूटभर माती पुरते. ड्रम विकत घेण्याची गरज नाही, जुनी बादली चालते.

किडीसाठी औषधाआधी डोळे लागतात. वांग्याचं उदाहरण घ्या. सकाळी वाडीत शिरलं की सगळी झाडं ताठ दिसतात, पण एखाद्या फांदीचा कोवळा शेंडा मान टाकून असतो. पाणी कमी पडलं म्हणून सुकला असेल असं वाटतं. तो शेंडा बोटाने मोडून बघा. आत पोकळी केलेली दिसते, काळपट विष्ठा असते आणि गुलाबी छटेची बारीक अळी वळवळत असते. ती आज शेंड्यात आहे, पुढच्या पिढीत फळात जाईल. शेंडा वाडीत टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. आठवड्यातून दोन वेळा असे शेंडे काढणारी एक नेमकी बाई असेल तर फवारणीची गरज फार कमी पडते. सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही, म्हणून वांग्याचा वाफा एकीच्या नावावर लिहा. मावा-तुडतुड्यांसाठी पावसाळ्याच्या तोंडाशी वेचून वाळवलेल्या निंबोळ्या ठेवा. अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून पिळून १० लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. दोडक्या-कारल्यांना माशी डंख मारते. तशी वाकडी, गळकी फळं वेलाखाली पडू देऊ नका, नाहीतर त्याच मातीतून नवी माशी उठते. आणि वांगी, भेदरे, मिरची एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं नको. तिन्हींचं गोत्र एकच, तिन्हींचा मर रोगही एकच.

बियाण्याबद्दल आता बोलू. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी फळ तसं येत नाही. वाल, बरबटी, वांगी, अंबाडी, मुळा यांचे आपले जुने सरळ वाण गावात कुणाकडे तरी असतातच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच घराघरांतले वाण गोळा करून राखले, शाळेची पायरी न चढता, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सामूहिक वाडीत बी राखण्याची अडचण वेगळीच असते. जे फळ बियाण्यासाठी ठेवावं इतकं देखणं असतं, तेच कुणीतरी भाजीला तोडतं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच, सगळ्यांच्या समोर, सगळ्यात जोमाचं झाड निवडा आणि त्याला लाल चिंधी बांधा. चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही, हे लेकरांनाही सांगा. लेकरंच मग मोठ्यांना आठवण करून देतात. बी पूर्ण पिकून, सावलीत खडखडीत वाळून, राखेत मिसळून डब्यात ठेवा आणि दोन घरांत ठेवा. एका घरात उंदीर शिरले तर दुसरीकडचं राहतं.

कुंपणाबद्दल कळकळीने सांगते. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या कडेच्या गावांत रानडुकरं आणि माकडं वाडी एका रात्रीत, एका दुपारी साफ करतात. राग येतो, तो खरा आहे. पण तारेत वीज सोडू नका. गुंठाभर भाजीसाठी लावलेल्या तारेने माणसं मेली आहेत, शेजाऱ्याची पोरं मेली आहेत, वाघही मेले आहेत, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. बांबूचं दाट कुंपण करा, खालून काट्या दाबा. बेशरमचं कुंपण सोपं वाटतं, पण ती पावसाच्या पाण्याबरोबर बोडीत उतरते आणि मग तलाव खाते. माकडं हळद, आलं, धोपा, सुरण यांच्या वाटेला सहसा जात नाहीत, तेव्हा उघड्या बाजूला तीच पिकं लावा. रानडुक्कर मात्र कंदही उकरतं, तिथे आळीपाळीने राखण करण्यावाचून गत्यंतर नाही. राखणीची पाळीही वहीत धरा, ती दोन पाण्याच्या पाळ्यांबरोबरीची समजा.

सगळ्यात अवघड गोष्ट आता. वाडीत कोणाला घ्यायचं? ज्याच्या घरामागे मोठी सांदवाडी आहे, धुऱ्यावर तूर आहे, त्याला सामूहिक वाडीची तेवढी गरज नाही. गरज आहे ती घरकुलाच्या एका खोलीत राहणाऱ्या, पाठीमागे हातभर जागा नसलेल्या भूमिहीन घराला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, परित्यक्ता बाईला. आणि नेमकी हीच घरं बैठकीला येत नाहीत, कारण त्यांना बोलावलं जात नाही, किंवा बोलावलं तरी ती दाराशी उभी राहतात. गावाचे मोहल्ले जातींनी वाटलेले आहेत हे आपण सगळे जाणतो. एकाच मोहल्ल्यातल्या दहा घरांची वाडी सोपी जाते, लवकर जमते. तरी मी म्हणेन, दोन-तीन मोहल्ल्यांची करा. पाण्याच्या गुंडाला कुणाचा हात लागला यावर जिथे अजून कपाळाला आठ्या पडतात, तिथे एकाच वाफ्याला सगळ्यांनी पाणी घालणं आणि त्याच वाफ्याची भाजी सगळ्यांनी खाणं हे बैठकीतल्या भाषणांपेक्षा जास्त काम करतं. पाळ्या लावताना वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या बायांची जोडी करा. पहिले काही आठवडे बोलणं होत नाही. मग कुणाच्या तरी लेकराला ताप येतो, एक जण दुसरीची पाळी सांभाळते, आणि बोलणं सुरू होतं.

पुरुषांनाही यात घ्या. कुंपण, गाळ, मांडव ही ओझ्याची कामं त्यांच्या नावावर लिहा. पण वही आणि वाटा बायांकडेच राहू द्या.

तेव्हा यंदा धान चुरून घरात आला की, मंडईच्या गडबडीतून मोकळे होऊन, पहिली बैठक घ्या. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तुमच्या गावात होत असेल तर ती संपल्यावर तिथेच बसा, माणसं आयतीच जमलेली असतात. बियाण्याचं पाकीट सोबत नेऊ नका, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाईल. पाणी कुठून येणार, आठवड्याच्या सात दिवसांच्या पाळ्या कुणाच्या, रोवणीत काय सोडून द्यायचं आणि वाटा कसा पडणार, एवढं ठरेपर्यंत उठू नका. एका बैठकीत नाही जमलं तर दुसरी घ्या. आणि वही कुणाच्या घरी राहणार, ते मात्र पहिल्याच रात्री ठरवा.